लॅन केबल थेट जोडली, तरी पिंग 'टाइम्ड आउट'? केबल बदलण्याआधी हे पाहा

तुमच्या लिहिण्यावरून चित्र असं दिसतंय: जुना विंडोज १० चा डेस्कटॉप, नवा विंडोज ११ चा लॅपटॉप, फोल्डर शेअर करायला दोन्ही थेट जोडलेत, मध्ये राउटर नाही, फक्त एक लॅन केबल. दोन्हीकडे वाय-फायवर नेट व्यवस्थित चालतंय, पण केबलवर 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' दिसतंय आणि पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का ते पाहणारी कमांड) दिला की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. दुकानदाराने क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली) घ्यायला सांगितलंय.

ती घेऊ नका. गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट असेल तर केबल सरळ आहे की क्रॉस, हे नेटवर्क कार्ड स्वतःच सांभाळून घेतं. केबलची एकच गोष्ट तपासा, ती म्हणजे इथरनेटच्या सेटिंगमधला लिंक स्पीड. दोन्हीकडचे पोर्ट गिगाबिट असूनही १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसत असेल, तर केबलमधली तारांची एखादी जोडी गेली आहे किंवा टोकाचा कनेक्टर नीट क्रिम्प झालेला (दाबून बसलेला) नाही. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. अशा केबलवर फाइल कॉपी होईल, पण सेकंदाला साधारण ११ एमबीनेच. एरवी ११० च्या आसपास मिळायला हवा.

'अनआयडेंटिफाइड' हा बिघाड नाही. या जोडणीत गेटवे (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणारा राउटर) नसतो, त्यामुळे विंडोजला नेटवर्क ओळखता येत नाही आणि ते त्याला 'पब्लिक', म्हणजे परकं, धरून फायरवॉलने बाहेरून येणारं अडवतं. तुमचं खरं दुखणं बहुतेक इथेच आहे, पण आधी आयपी पत्ते (नेटवर्कवरचे पीसीचे क्रमांक) ठीक करा. केबलवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत असेल, तर तो विंडोजने स्वतःच घेतलेला आहे. त्यावरही काम चालतं, पण तो बदलू शकतो. म्हणून हाताने द्या: डेस्कटॉपला १०.१०.१०.१, लॅपटॉपला १०.१०.१०.२, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे आणि डीएनएस रिकामे ठेवा. गेटवे भरलात तर विंडोज इंटरनेटसाठीही केबलचाच रस्ता धरेल आणि नेट बंद पडेल. वाय-फायच्याच पत्त्यांची मालिका (बहुतेक घरी १९२.१६८.१ ने सुरू होणारी) केबलला देऊ नका, नाहीतर पॅकेट कुठून जातंय तेच कळणार नाही.

आता लॅपटॉपवरून १०.१०.१०.१ ला पुन्हा पिंग द्या आणि उत्तर नीट वाचा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं, तर समोरचा पीसी त्या पत्त्यावर सापडतच नाहीये. पत्ता किंवा केबल पाहा. 'टाइम्ड आउट' असेल तर लगेच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एआरपी -ए' (arp -a) चालवा; कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणतं कार्ड आहे ते ती दाखवते. १०.१०.१०.१ समोर फिजिकल अ‍ॅड्रेस दिसला, की केबल आणि पत्ते दोन्ही बरोबर आहेत. डेस्कटॉपने 'मी इथे आहे' असं सांगितलंय, फक्त पिंगला उत्तर देत नाहीये. म्हणजे फायरवॉल.

तरी फायरवॉल पूर्ण बंद करू नका, वाय-फाय चालू असताना तर नकोच. डेस्कटॉपवर फायरवॉलच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये इनबाउंड रूल्स उघडा आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' गटातले 'एको रिक्वेस्ट – आयसीएमपीव्ही४' (पिंगसाठी) आणि 'एसएमबी-इन' (फाइल शेअरिंगसाठी) हे दोन नियम पब्लिक प्रोफाइलसाठी चालू करा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉलही असू शकते, तीही पाहा.

पिंग चालला तरी फोल्डर उघडेलच असं नाही. 'नेटवर्क'मध्ये पीसी दिसण्याची वाट न पाहता एक्सप्लोररच्या पट्टीत थेट \\१०.१०.१०.१ टाका (आकडे अर्थातच इंग्रजी). युजरनेम-पासवर्ड मागेल, तिथे विंडोजचा पिन चालत नाही. पासवर्ड नसलेल्या खात्यानेही नेटवर्कवरून आत जाता येत नाही. पूर्वी 'एव्हरीवन'ला परवानगी देऊन पासवर्डशिवाय भागवता यायचं, पण विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून असा पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद आहे. ते मागच्या दाराने परत चालू करायचे उपाय बरेच सांगितले जातात, मी कुणालाच सुचवत नाही. डेस्कटॉपवर पासवर्ड असलेलं एक लोकल खातं काढा, फोल्डरच्या 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही टॅबमध्ये त्याला परवानगी द्या आणि लॅपटॉपवरून त्याच खात्याने आत जा.

एवढं करूनही अडलात तर दोन्हीकडचा लिंक स्पीड आणि 'एआरपी -ए' चं आउटपुट इथे टाका, पुढचं त्यावरून सांगतो.