गॉना, वॉना आणि गॉटा : कुठला कशासाठी?

तुम्ही विचारलंय, इंग्रजी बोलण्यातले गॉना, वॉना, गॉटा कानाला एकसारखेच लागतात, मग कुठला कधी वापरायचा? यात मी स्वतः आपटलोय, म्हणून सांगतो.

मी सांगलीचा. पुण्यात अमेरिकन गिऱ्हाइकांच्या फोनवर रात्रपाळी करायचो. पहिल्याच आठवड्यात एक बाई ‘आय गाडा गो’ म्हणाली आणि फोन ठेवून मोकळी. आमच्याकडं गाडा म्हणजे उसाचा. ही कुठला गाडा घेऊन निघाली, कळेना. ते ‘गॉटा’ होतं. दोन स्वरांच्या मधला ट तिकडं मऊ होऊन ड-रच्या मधला काहीतरी निघतो, वॉटरचं वाडर होतं तसा.

गॉना म्हणजे गोइंग टू, वॉना म्हणजे वाँट टू, गॉटा म्हणजे हॅव गॉट टू. ‘आयम गॉना ईट’ : जेवणार आहे. ‘आय वॉना ईट’ : जेवायची इच्छा आहे. ‘आय गॉटा ईट’ : आता जेवलंच पाहिजे, नाहीतर चक्कर येईल.

‘टू’ आतच मुरलेला असतो, त्यामुळं ‘गॉना टू गो’ म्हणू नका. गॉनाच्या पुढं क्रियापदच येतं. ‘आयम गॉना सांगली’ चुकीचं. तिथं खरोखरचं जाणं आहे, म्हणून ‘गोइंग टू सांगली’ पूर्ण म्हणायचं. ही-शीबरोबर वॉना नको, ‘वाँट्स टू’ म्हणा. आणि ‘गॉटा मिनिट?’ असं कुणी विचारलं तर सक्ती नाही हं, ते ‘गॉट अ’ आहे, मिनिटभर वेळ आहे का एवढंच.

वॉनाची एक गंमत मला फार आवडते. ‘हू डू यू वॉना मीट?’ चालतं, कारण इच्छा तुमची आणि भेटणारही तुम्हीच. पण कोण जिंकावं असं विचारताना ‘हू डू यू वाँट टू विन?’ असंच म्हणतात. इच्छा तुमची, जिंकणारा दुसरा; तिथं इंग्रजी माणसाची जीभ सहसा वॉना म्हणत नाही. शाळेत त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

लोक याला स्लँग म्हणतात, मला पटत नाही. आपण ‘करतो आहे’चं ‘करतोय’ करतोच की. आमच्याकडं तर ‘काय करायला लागला आहेस’चं ‘काय कराय लागलाईस’ होतं, नाहीतर सरळ ‘काय करालाईस’. लेम्मी (लेट मी), गिम्मी (गिव्ह मी), डनो (डोंट नो) त्यातलेच.

फक्त कागदावर लिहू नका. पुढच्या नोकरीच्या अर्जात मी ‘आय वॉना अप्लाय’ लिहिलं होतं. साहेबांनी त्याला लाल गोल केला, कागद माझ्याकडं फिरवला आणि विचारलं, ‘यू वॉना?’