तोडू द्या, चुरगाळू द्या: शाळेतल्या संवेदना बागेबद्दल

ताई, संवेदना बाग, म्हणजे मुलांनी हात लावून, वास घेऊन, चाखून, ऐकून अनुभवायची बाग, कशी करायची हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळेमागे अर्धा गुंठा जागा, पहिली ते चौथीची मुलं, त्यात एक पूर्ण अंध मुलगा आणि एक मातीला हातच न लावणारी मुलगी, नर्सरीवाल्याने दिलेली चाळीस झाडांची यादी आणि पुढे अंगणवाडीताईंसाठी कार्यशाळा घ्यायची इच्छा.

आधी त्या यादीला कात्री लावा. रातराणी कशाला? ती घमघमते तेव्हा शाळेला कुलूप असतं. तिच्या जागी पारिजातक लावा, सकाळी मुलं येतात तेव्हा खाली सडा पडलेला असतो. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी पूर्ण विषारी, बिया तर फारच. ती कुंपणालाही नको. शोभेचं म्हणून दिलेलं डिफेनबाकियाही काढा. पान चावलं तर तोंड-जीभ सुजते. गुंज, धोत्रा, एरंड आपोआप उगवले तरी उपटायचे.

राहिलेल्या प्रत्येक झाडाला एकच प्रश्न विचारा: वीस मुलांनी रोज एकेक पान तोडलं तर हे जगेल का? माझ्या मते या बागेचा सगळा जीव यात आहे. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावायची वेळ आली तर ते झाड इथलं नव्हेच. पानओवा, पुदिना, गवती चहा, सब्जा, कोरफड, पानफुटी ही सोशिक मंडळी. दहा-बारा प्रकार पुरेत, पण प्रत्येकाची तीन-चार रोपं हवीत, म्हणजे एकाला ओरबाडलं की दुसरं सावरतं. गवती चहाचं पान मात्र मुठीतून ओढू देऊ नका, कड कापते. शेंडा खुडून चुरगाळायचा.

पावसाळ्यात तेरडा हवाच. पिकलेलं बोंड दोन बोटांत हलकेच धरलं की ते एकदम फुटतं, साल गुंडाळून बोटाला चिकटते आणि बिया उडतात. पहिल्यांदा मुलं दचकतात, मग बोंडं शिल्लक ठेवत नाहीत. लाजाळू लावाल तर काठाला, काटे असतात. सब्ज्याच्या बिया वाटीभर पाण्यात टाकल्या की काही मिनिटांत बुळबुळीत होतात. तुमची ती मुलगी मातीला शिवत नसेल तर तिला आधी ही वाटी द्या, चमच्यासकट. हात धरून मातीत खुपसायचा नाही, कितीही वाटलं तरी. झारी तिच्याकडे द्या, महिनाभर ती नुसती पाणी घालेल, घालू द्या.

अंध मुलासाठी वाटेच्या एका बाजूला विटांची उभी कड सलग ठेवा, पायाला किंवा काठीला लागेल अशी. प्रत्येक वळणावर एकच वास ठेवायचा. तुळस, पुदिना, गवती चहा एकाच वाफ्यात कोंबले की त्याला खूणच राहत नाही. वाट चार फूट रुंद ठेवा, उद्या व्हीलचेअरवरचं मूल आलं तर अडचण नको. वाफा भिंतीला टेकला असेल तर दीड फुटाहून खोल नको, लहान हात पलीकडे पोचत नाहीत. पायांसाठी वाळू, गोटे, नारळाच्या शेंड्या असे टप्पे करा, पण मार्चपासून दुपारी गोटे चटके देतात, वर हिरवी जाळी लागेलच. पाण्याचं घमेलं आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून घासायचं, नाहीतर डासांची पैदास. आणि फवारणी कसलीच नाही. चव घ्यायची ती एकाच वाफ्यातली, बाईंना विचारून आणि पान धुऊन. वाऱ्यावर वाजणाऱ्या गोष्टी (बांबूचे तुकडे, गुलमोहराच्या वाळक्या शेंगा) काढता येतील अशा टांगा. आवाजाचा त्रास होणारं मूल असतंच एखादं.

आता कार्यशाळा. बाग एक पावसाळा पाहू दे, मग डिसेंबर-जानेवारीत घ्या. अंगणवाडीताईंना वेगळा दिवस काढायला लावू नका, पर्यवेक्षिकांशी बोलून मासिक बैठकीलाच जोडा. दोन तास, दहा-बाराजणी, प्रोजेक्टर नको. बाग दाखवायचं काम चौथीच्या मुलांकडे द्या आणि वासांच्या वाफ्याशी, त्याला आवडत असेल तर, तुमचा तो अंध मुलगा उभा राहू दे. तो पान चुरगाळून ताईंच्या हातावर ठेवेल आणि ओळखायला सांगेल. बऱ्याच जणी पानओवा आणि ओव्यात गडबडतात, तो नाही गडबडणार. पाहुण्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून ‘अंधत्वाचा अनुभव’ वगैरे करू नका, मला तो प्रकार पटत नाही. वास घ्यायला डोळे मिटले तरी पुरे.

शेवटचा अर्धा तास हात मातीत. पानओव्याची वीतभर फांदी, खालची पानं काढून, ओलसर मातीत खोचली की बहुधा दोन-तीन आठवड्यांत मुळं धरते. पुदिन्याचंही तसंच. फी घेऊ नका, पण प्रत्येकीला तळाला भोक पाडलेला डबा घरून आणायला सांगा. बरोबर विषारी झाडांची यादी द्या, एकाच पानावर, मोठ्या अक्षरात. अंगणवाडीच्या भिंतीवर तीच आधी लागायला हवी.

मे महिन्यात पाणी कोण घालणार हे तुम्ही लिहिलेलं नाही. शाळेला लागून ज्यांचं घर आहे त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा आणि सुधारलेली यादी इथे टाका, मी बघते.