पॉइंट शूजची घाई नको

मुलगी 11 वर्षांची, तीन वर्षं बॅले करतेय, टीचर अजून पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचे शूज, देत नाहीत, दुसऱ्या क्लासमधल्या तिच्याच वयाच्या मुलींना मिळालेत, तर क्लास बदलू का आणि यात पुढे करिअर होतं का, असं विचारलंय तुम्ही. बदलू नका. उलट नाही म्हणणारी टीचर मिळालीय, तिला धरून ठेवा. मी कोरमध्ये, म्हणजे मागे एकत्र नाचणाऱ्या समूहात, बरीच वर्षं नाचलेय आणि आता शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

पॉइंटवर अख्खं वजन बोटांच्या टोकावर येतं आणि या वयात पायाची हाडं अजून वाढत असतात. शूजच्या आत लोखंड-बिखंड काही नसतं, कापड आणि पेस्टचे थर चिकटवून कडक केलेला बोटांभोवतीचा बॉक्स आणि तळव्याखाली शँक म्हणजे कडक पट्टी, बस्स. बाकी सगळं काम घोटा, पोटरी आणि पोट-पाठीने करायचं. पुढच्या वेळी तिचं प्लिए, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाणं, नीट बघा, गुडघे पावलांच्या बोटांवर जातायत की आत पडतायत, आणि पावलाची कमान खाली बसतेय का. बसत असेल तर टर्नआउट, म्हणजे पाय बाहेरच्या बाजूला वळवणं, खुब्यातून येत नाहीये, ती पावलं ओढून बाहेर फिरवतेय आणि त्याची किंमत गुडघे मोजतात. एका पायावर टाच उचलून घोटा न डुगडुगता ती उभी राहते का तेही बघा. माझ्या मते वयापेक्षा हे महत्त्वाचं.

आता करिअर. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकादमी 1738 पासूनची आहे, तिथे साधारण दहाव्या वर्षी मुलं घेतात आणि घेताना स्टेप्स किती येतात यापेक्षा शरीर बघतात, खुबा किती उघडतो, पाऊल किती वाकतं, उडी कशी आहे. मिस्टी कोपलंड 13व्या वर्षी सुरू करून 2015 मध्ये अमेरिकन बॅले थिएटर या कंपनीची प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य नर्तकी, झाली हे खरंय, पण जो तो तिचंच नाव घेतो कारण अशी नावं मोजकीच आहेत. खरी चाळणी 15 ते 18 मध्ये लागते, ऑडिशनला छातीवर नंबर लावून उभं राहायचं आणि कधीकधी नुसता बार, म्हणजे दांडा धरून करायचा सुरुवातीचा सराव, झाला की अर्ध्या जणांना थँक यू म्हणून घरी पाठवतात, सेंटरपर्यंत, म्हणजे मधोमध आधाराशिवाय नाचण्यापर्यंत, पोचूच देत नाहीत. वाईट वाटतं, पण तसंच असतं ते.

कंपनीत शिरलात तरी बहुतेकांचं आयुष्य कोरमध्येच जातं. सकाळी क्लास, मग संध्याकाळपर्यंत रिहर्सल, रात्री शो, आणि मधल्या वेळात शूजना रिबिनी शिवत बसायचं कारण मोठ्या रोलमध्ये एक जोडी एका शोमध्येच मऊ पडून संपते. स्वान लेक या बॅलेमध्ये लोकांना वाटतं नाचायचं अवघड, अहो नाचताना निदान रक्त तरी फिरतं, बाजूला ओळीत हंस बनून एका पायावर वजन टाकून स्तब्ध उभं राहायचं तेव्हा पोटरीत असे गोळे येतात की विचारू नका आणि नाकाला खाज आली तरी हात हलवायचा नाही! पॅरिस ऑपेरात तर डान्सर 42व्या वर्षी रिटायर होतात, बाकी ठिकाणी बरेच जण दुखापतीने त्याआधीच थांबतात, त्यामुळे शाळा-शिक्षण मागे टाकू नका.

टीचरला "पॉइंट कधी" विचारण्यापेक्षा "ही कुठे कमी पडतेय" ते विचारा. आणि शूज घ्यायची वेळ आली की ऑनलाइन मागवू नका, फिटिंग कळणाऱ्या माणसाकडून पायात घालून, उभं राहूनच घ्या, पाय वाढेल म्हणून एक नंबर मोठा तर अजिबात नको.