टेस्टच्या दिवशी नवीन काही नको

अगं, तुझा मेसेज वाचला. साताऱ्याहून चार महिन्यांपूर्वी आलेला तो सातवीतला मुलगा, त्याला स्टेट टेस्टला, म्हणजे इथल्या राज्याच्या शालेय परीक्षेला, बसवणं तुला अन्याय वाटतोय आणि त्या दिवशी घरीच ठेवा असं त्याच्या आईला सुचवावं का विचारतेस. नको सुचवूस.

मी इथे अमेरिकेत शिकवायला लागले तेव्हा टेस्टच्या दिवशी आमच्या स्पेशल एडच्या, म्हणजे अपंगत्वामुळे खास शिकवणी लागणाऱ्या, मुलांना चक्क सहलीला न्यायचे, आणि आम्हालाही ते प्रेमच वाटायचं. मग 1997 ला आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात बदल झाला की ही मुलंही टेस्टमध्ये हवीत, आणि 2002 च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड या शिक्षण कायद्याने तर 95 टक्के मुलं बसलीच पाहिजेत, अपंग मुलांचे आणि इंग्रजी शिकणाऱ्यांचे निकाल वेगळे दाखवा म्हणून सांगितलं. त्या कायद्याने शाळांच्या मागे जो ससेमिरा लावला त्याचा मला अजून राग आहे, पण आमच्या वर्गात ही मुलं वाचतात किती हे विचारायला प्रिन्सिपल पहिल्यांदा आले ते त्यानंतरच.

तुझ्या त्या साताऱ्याच्या मुलाला इथे येऊन बारा महिने व्हायचेत, त्यामुळे इंग्रजी वाचनाच्या टेस्टमधून त्याला एकदा सूट मिळू शकते, तुमच्या स्टेटचं काय ते ईएसएलवाल्या, म्हणजे नवख्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या, मॅडमना विचार. गणिताला मात्र बसावंच लागेल. आणि तो गणितात कच्चा नाहीये गं, गणितातल्या क्रियांच्या क्रमाला तो बोडमास शिकलाय आणि इथे पेमडास म्हणतात, एक लाखाचा स्वल्पविराम तो वेगळ्या जागी देतो, भागाकार मांडतो वेगळा, आणि गणितात ‘क्वार्टर’ आलं की ते पंचवीस सेंटचं नाणं हे त्याला कोण सांगणार? दोन भाषांची शब्दयादी वापरायची परवानगी मिळते, नुसता शब्दाला शब्द, अर्थ समजावलेला नाही. पण ती आजपासून रोज त्याच्या बाकावर असू दे, कारण टेस्टच्या दिवशी पहिल्यांदा हातात दिलीस तर पानं उलटण्यातच त्याचा वेळ जाईल.

हे मी चूक करूनच शिकले. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, असलेली माझी एक विद्यार्थिनी, तिच्या आयईपीत, म्हणजे तिच्यासाठी शाळेने लिहिलेल्या शिक्षण आराखड्यात, कॉम्प्युटर प्रश्न वाचून दाखवेल असं लिहिलेलं, आम्ही वर्षभर वर्गात ते कधी लावलंच नाही आणि टेस्टला एकदम हेडफोन दिले. तो यांत्रिक आवाज ऐकून दहा मिनिटांत तिने ते काढून ठेवले आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसली. आयईपीत सगळं होतं, त्यामुळे कागदावर आमची काही चूक नव्हती.

अजून एक, गणिताचा प्रश्न वाचून दाखवला तर बिघडत नाही, पण वाचनाच्या टेस्टमधला उतारा वाचून दाखवला तर मग आपण मोजतोय काय? तिथे नियम कडक असतात, आधी बघून घे.

आणि तुझ्या वर्गातल्या त्या दुसऱ्या विद्यार्थिनीला अल्टरनेट, म्हणजे वेगळ्या पर्यायी, टेस्टला घाला म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. ती टेस्ट फार गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी आहे, म्हणून तर 2015 च्या कायद्याने अख्ख्या स्टेटमध्ये टेस्ट देणाऱ्या मुलांच्या 1 टक्क्याची मर्यादा घातली, आणि त्या टेस्टमुळे पुढे हायस्कूलच्या डिप्लोमाला उशीर होऊ शकत असेल तर पालकांना तसं सांगावं लागतं. तिला वेळ जास्त हवाय, बाकी काही नाही.

या वीकेंडला दोघांचे कागद काढून बस, वर्गात रोज काय वापरतेस ते शेजारी लिही आणि मग मला फोन कर, रात्री दहाच्या आत हं, नंतर मी उचलत नाही.