श्रद्धाळू माणूस समाधानी असतो, म्हणून त्याला अन्याय दिसत नाही का?

आपला प्रश्न असा आहे की, देवाधर्माचे करणारी माणसे इतरांपेक्षा समाधानी दिसतात, पण मजुरी किंवा पगारातील अन्यायाबद्दल तीच गप्प बसतात. तेव्हा या दोन्हींचे मूळ श्रद्धेतच आहे का? माझ्या मते येथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्याला बांधल्या गेल्या आहेत.

समाधानात स्वभावाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा असतो. मिनेसोटातील जुळ्यांच्या अभ्यासावरून डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन यांनी १९९६ मध्ये असे मांडले की, माणसामाणसांच्या सुखात जो फरक दिसतो त्यातील सुमारे निम्मा आनुवंशिक असतो. प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेणारा माणूस रोज नाशिकच्या रामकुंडावर जाऊनही तसाच राहतो, हे आपण पाहतोच. श्रद्धेचा उपयोग होत नाही असे नव्हे. परंतु लिम आणि पुटनम या संशोधकांना २०१० मध्ये अमेरिकेत असे आढळले की, प्रार्थनेला नियमित जाणाऱ्यांचे जास्तीचे समाधान मुख्यतः तेथे जोडलेल्या मैत्रीतून येते. पौष वद्य एकादशीला दिंडीबरोबर त्र्यंबकेश्वरी चालत जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

न्यायाचे गणित मात्र असे सुटत नाही. काही वर्षांपूर्वी दिंडोरी तालुक्यातील माझ्या मामांच्या द्राक्षबागेत सुरगाण्याकडील टोळीने एकरी उक्ते, म्हणजे दिवसावर नव्हे तर एकरामागे ठरलेल्या रकमेत, काम घेतले होते. डिपिंग, म्हणजे प्रत्येक घड संजीवकाच्या (वाढीसाठीच्या औषधाच्या) द्रावणात बुडवण्याचे काम, दुपारी आटोपले आणि संध्याकाळच्या बेमोसमी पावसाने सगळे औषध धुऊन नेले. तेच घड पुन्हा बुडवावे लागले. मुकादमाने दुसऱ्या खेपेची मजुरी मागितली, तेव्हा गळ्यात तुळशीची माळ असलेले मामा म्हणाले, ‘‘पाऊस देवाने पाडला, माझे औषधही गेले.’’ देवळाची पायरी न चढणारा त्यांचा मुलगाही ‘‘उक्ते म्हणजे उक्ते’’ म्हणून त्यांच्याच बाजूने उभा राहिला. मामींची एकादशी कधी चुकत नाही. त्यांनी मात्र घमेले खाली ठेवून विचारले, ‘‘हात दोनदा भिजले ना त्यांचे?’’

देव्हारा एकच, निवाडे दोन. आणि नास्तिक मुलगा माळकरी बापाच्या पंगतीला! मामांचे म्हणणे निव्वळ कंजूषपणाचे होते असेही मी म्हणणार नाही. कानेमान, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॅनडातील पाहणीत, हिमवादळानंतर बर्फ काढण्याच्या फावड्याचा भाव १५ वरून २० डॉलर करणे ८२ टक्के लोकांना अन्यायाचे वाटले; पण दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढल्यामुळे केलेली भाववाढ बहुतेकांनी चालवून घेतली. दुसऱ्याची अडचण पाहून कमावणे वेगळे आणि आपले नुकसान टाळणे वेगळे, हा भेद लोक करतात, आणि मामा स्वतःला नुकसान झालेल्यांत धरत होते. ते नुकसान मजुराच्या अंगावर किती ढकलायचे, एवढाच खरा वाद होता.

‘भोग असतात एकेकाचे’ हे वाक्य ऐकले की आपल्याला धर्मावर बोट ठेवावेसे वाटते. पण १९६६ मधील लर्नर आणि सिमन्स या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात, एका निरपराध स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत असे भासवले गेले आणि पाहणाऱ्यांना ते थांबवता येईना, तेव्हा ते तिलाच कमी लेखू लागले. तेथे कर्मसिद्धान्त कोणी शिकवला नव्हता. जग न्यायाने चालते असे मानून घेण्याची गरज आधीची आहे. धर्म तिला शब्द पुरवतो, आणि कधी उलट बाजूचेही पुरवतो. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दार अडवणारे आणि आत येऊ मागणारे एकाच रामाचे नाव घेत होते. पाच वर्षे दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मच सोडण्याची घोषणा झाली. गप्प बसणे श्रद्धेतूनच येत असते, तर त्या पाच वर्षांचा अर्थ लागत नाही.

म्हणून आपल्या परिचयातील गप्प माणसांना श्रद्धेबद्दल विचारण्याआधी, बोलल्यास त्यांचे काय बुडेल ते विचारून पाहा. मुकादम मामांपुढे अर्ध्या मजुरीवर आला, कारण पुढच्या हंगामाचे काम त्याला हवे होते. उरलेली अर्धी मामींनी दूध-डेअरीच्या पैशांतून परस्पर दिली, हे मामांना छाटणीपर्यंत कळले नाही.