घरी गाडी धुणार असशील तर

भावा, आधी पॉलिशच्या डब्या घेत सुटू नको. पहिला खर्च पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा सौम्य) कार शॅम्पू, दोन बादल्या आणि 3-4 चांगल्या मायक्रोफायबर कापडांवर कर. भांड्यांचा साबण नको, त्यानं रंगावरचं वॅक्स, म्हणजे मेणाचा संरक्षक थर, उतरतं.

आपल्याकडं गळीत हंगामात पाचटाची काळी राख गाडीवर बसते. ती कोरड्या फडक्यानं झटकलीस की रंगावर बारीक ओरखडे पडलेच. मला फार वाईट वाटतं असं बघून. आधी नुसत्या पाण्यानं वाहून जाऊ दे. मग एका बादलीत शॅम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी. बोअरचं पाणी असेल तर सावलीत धू, लगेच पूस, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात.

धुऊन झाल्यावर वॅक्स लावायचं तर कार्नोबाचं (एका ताडाच्या पानांवरचं मेण), थर पातळच. पावसाळ्यात गगनबावड्याला जाणार असशील तर जूनआधी सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) लाव, ते वॅक्सपेक्षा जास्त टिकतं.