न्यू ऑर्लिन्सला पहिल्यांदा जातोयस?

बोर्बन स्ट्रीटवर, म्हणजे बारच्या गजबजलेल्या रस्त्यावर, एक चक्कर मार आणि सुट. फ्रेंच क्वार्टर, शहराचा सगळ्यात जुना भाग, खरं तर सकाळी सातला बघायचं. रस्ते ओले, लोखंडी जाळीच्या गॅलऱ्यांतून कुंड्यांचं पाणी ठिबकत असतं. नाव फ्रेंच, पण बरीचशी बांधणी स्पॅनिश अमदानीतली किंवा त्यानंतरची. १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुनी घरं खाक झाली.

पत्ता विचारलास तर उत्तर-दक्षिण कुणी सांगणार नाही. मिसिसिपी इतकी वळते, की लोक ‘नदीकडे’ आणि ‘तळ्याकडे’ असंच सांगतात. पहिल्या दिवशी डोकं फिरतं, मग सोपं वाटतं.

सेंट चार्ल्सची ट्राम (१८३५ पासूनची!) पकडून गार्डन डिस्ट्रिक्टला उतर. ओकच्या मुळांनी फुटपाथ उचकटलेत, तेव्हा खाली बघून चाल. मी बंगले न्याहाळता न्याहाळता सपशेल आपटलो होतो.

ट्रेमे या जुन्या वस्तीतला काँगो स्क्वेअर चुकवू नकोस. गुलाम माणसं रविवारी तिथे जमून ढोल वाजवत, नाचत. जवळच्या सेंट लुईस नंबर एक दफनभूमीत मात्र गाईडशिवाय सोडत नाहीत, आधी बुकिंग कर.

संध्याकाळी लाइव्ह संगीतासाठी फ्रेंचमेन स्ट्रीट. सुटे डॉलर खिशात ठेव, वादकांची बादली फिरते.